टरबुजावरची खूण

माझ्या मावशीच्या यजमानांनी बुऱ्हाणपुरात जितक्या माणसांच्या तोंडात डोकावून पाहिलं, तितक्या माणसांच्या तोंडात गावातल्या सगळ्या डॉक्टरांनी मिळूनही पाहिलं नसेल. आम्ही त्यांना मावसाजी म्हणत असू. शनवारा मोहल्ल्यात ते 'मेंदूवाले मास्तर' या नावाने ओळखले जात. हायस्कुलात ते शास्त्र शिकवत आणि घरी जो येईल त्याला त्याच्या स्वतःच्या पेशी दाखवत. पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी 'आ करा' असा हुकूम मिळे. मग काडेपेटीतल्या काडीच्या मागच्या टोकाने त्याचा गाल आतून खरवडला जाई, ते खरवडलेलं काचेच्या पट्टीवर पसरलं जाई, त्यावर घशाला लावायच्या जांभळ्या औषधाचा थेंब पडे आणि पाहुण्याला ओसरीवरच्या पितळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसवलं जाई. सूक्ष्मदर्शकाखालच्या आरशात ऊन लागत असल्यामुळे त्यांच्या घरी यायची योग्य वेळ सकाळची होती. ढगाळ दिवशी आलेल्या पाहुण्याला नुसताच चहा मिळे, आणि तो देताना मावसाजींचा चेहरा पाहुणचारात कसूर झाल्यासारखा असे. एकदा खकनारचे एक दूरचे नातेवाईक लग्नपत्रिका घेऊन आले. वयस्क, फेटा बांधलेले, जरा तापट. त्यांनी बराच वेळ एक डोळा मिटून पाहिलं आणि विचारलं, "ह्या माझ्या तोंडातल्या?"

"तुमच्याच."

"एवढ्या?"

"ही तर चिमूटभर झाली. तुम्ही सगळेच्या सगळे यांचेच बनलेले आहात."

"सकाळी चूळ भरली होती मी," ते गृहस्थ दुखावून म्हणाले. पुढच्या खेपेला ते आले ते थेट विहिरीवर गेले, बाभळीच्या काडीने दात घासले, बराच वेळ खळखळून चुळा भरल्या आणि मग ओसरीवर येऊन तोंड उघडून बसले. "आता पाहा काही राहिलं का." मावसाजींनी पाहिलं. सगळं होतं तसंच होतं. ते गृहस्थ जेवायला न थांबता निघून गेले.

मावसाजींचा खरा जीव होता तो उन्हाळी वर्गात. मॅट्रिकची परीक्षा दिलेली आणि पुढच्या वर्षी देणारी, अशी दोन्ही प्रकारची मुलं सुटीत सकाळी त्यांच्या अंगणात जमत. बुऱ्हाणपूरची मुलं नागपूरला कॉलेजात गेली की पहिल्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारातच अडखळतात, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. डॉक्टर व्हायला म्हणून ते नागपूरला गेले आणि वडील गेल्यामुळे वर्षभरात परत आले. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. "आपल्या पोराने कॉलेजात जायच्या आधी पेशी पाहिलेली असली पाहिजे. मग तो कुणाला घाबरत नाही," एवढंच ते म्हणत. वर्गाला नाव नव्हतं. शेजारीपाजारी 'मेंदूचा वर्ग' म्हणत, आणि ज्या घरातलं पोर अभ्यासात कच्चं असे त्या घरची माणसं मावसाजी मेंदू दुरुस्त करून देतात अशा समजुतीने त्याला तिथे आणून सोडत. मावसाजी त्यालाही बसवून घेत. कांद्याचा पापुद्रा, गालाची साल आणि बहादरपूरहून आलेली केळी, यांवर पहिले दिवस जात. केळ्याचा गर पट्टीवर चोळून त्यावर आयोडीन सोडलं की पेशींतले पिठाचे कण निळे होत, आणि ज्यांच्या घरी केळीच्या बागा होत्या ती मुलं आपल्या मालाकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखी पाहत राहत. बहादरपूरची सुमन त्यातलीच. वर्गात मुली दोनच, ती आणि मी. शिक्षणासाठी मी मावशीकडेच राहत असे, त्यामुळे माझं येणं आपोआपचं होतं. ती मात्र भावाच्या सायकलवर मागे बसून रोज यायची, आणि मावसाजींना तिच्याइतका नीट प्रश्न दुसरं कुणी विचारत नसे.

पेशी संपल्या की मेंदू. त्यासाठी मावसाजी खाटकाकडून बकऱ्याचा मेंदू आणत. माझी मावशी सोवळंओवळं पाळणारी होती. तिने या बाबतीत तह केला होता: तो डबा अंगणातल्या कडुनिंबाच्या पलीकडे राहील, त्याची सुरी वेगळी, आणि वर्ग संपल्यावर मास्तरांसकट सगळ्यांनी विहिरीवर हातपाय धुवायचे. एका वर्षी झाकण उघडं राहिलं आणि मांजराने मेंदूचा बराचसा भाग पळवला. मावसाजी चिडले नाहीत. ते शनवाऱ्याच्या गल्लीतून त्या मांजराचा माग काढत हिंडले, आणि जो भेटेल त्याला विचारत राहिले की ते मांजर नीट चालत होतं का. परत येऊन त्यांनी डब्यात पाहिलं. "मोठा मेंदू गेला. लहान मेंदू शिल्लक आहे," ते म्हणाले. "तर आज तोल सांभाळण्याबद्दल शिकू."

मावशी त्या वर्गात कधी बसली नाही, पण तिच्यावाचून तो चालतही नसे. मज्जातंतूंतून निरोप कसा जातो ते शिकवायला मावसाजी सगळ्या मुलांना हात धरून एका रांगेत उभे करत. रांग दारापासून निघे, कडुनिंबाला वळसा घाले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी संपे. शेवटच्या मुलाने खिडकीतून मावशीचा हात धरायचा. मावसाजी पहिल्या मुलाचा हात दाबत, त्याने दाब कळला की पुढच्याचा दाबायचा, असं करत निरोप खिडकीपर्यंत गेला की मावशीने दुसऱ्या हाताने पळीने ताट वाजवायचं. मावसाजी हातात घड्याळ घेऊन उभे. मावशी बहुतेक वेळा निरोप पोचायच्या आधीच ताट वाजवून मोकळी होई.

"अहो, अजून आला नाही निरोप," मावसाजी ओरडत.

"तुमचा निरोप पोचस्तोवर भाजी करपून जाते," आतून उत्तर येई. "आणि काय निरोप आहे मोठा? नुसतं चिमटे घेऊन राहिली पोरं एकमेकाले."

मावशी बोलकी होती. त्या घरात मावसाजी समजावून सांगत आणि ती बोले. दोन्हींत फरक होता. भाजीवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत कुणालाही ती मनातलं ऐकवल्याशिवाय सोडत नसे, आणि मावसाजींचं म्हणणं तिने पहिल्या झटक्यात मान्य केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तशीच ती गातही असे, कामाच्या नादात, स्वतःलाही न कळता.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी टरबूज येई. तापीच्या वाळूतलं, लांबोडकं, गडद हिरवं. मावसाजी ते पाटावर आडवं ठेवत आणि खडूने त्याच्यावर माणसाचं डोकं काढत: कान, डोळा, भुवई. मग आतल्या मेंदूच्या जागा आखत. मागे दृष्टी, कानाच्या वर ऐकणं, टाळूवरून खाली हातापायांच्या हालचाली. शेवटी डाव्या कानाच्या किंचित वर आणि पुढे ते एक ठळक वर्तुळ काढत आणि खडू तिथेच टेकवून म्हणत, "आणि ही वाचा. माणसाचं सगळं बोलणं या एवढ्याशा जागेत." पुढे टरबूज चिरलं जाई, आणि ज्याने ज्या जागेचं उत्तर बरोबर दिलं असेल त्याला त्या जागेची फोड मिळे. वाचेची फोड मात्र दरवर्षी स्वयंपाकघरात जाई. "ही तुमच्या मावशीला द्या. तिला कमी पडायला नको." मावशी खिडकीतून म्हणे, "द्या की. ह्या घरात दोघांपुरतं मलाच बोलायचं असतं." मुलं हसत. भोपळा घेतला असता तर वर्षभर टिकला असता, असं कुणीतरी एकदा सुचवलं होतं. मावसाजींनी नुसतीच नाही म्हणून मान हलवली. टरबूजच का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पुढे प्रांत नव्याने आखले गेले. नागपूर एका बाजूला गेलं आणि बुऱ्हाणपूर दुसऱ्या बाजूला राहिलं. तापी होती तिथेच होती, पण शास्त्राची मराठी पुस्तकं येणं थांबलं, आणि पुढच्या वर्षापासून वरच्या वर्गांना शास्त्र हिंदीतून शिकवायचं असं शाळेने ठरवलं. कॉलेजसाठी मुलं इंदूरला जाऊ लागली. मावसाजींनी तक्रार केली नाही. हिंदी त्यांना बाजारापुरती उत्तम येत होती. शास्त्राची येत नव्हती. पेशीला कोशिका म्हणायचं, मज्जातंतूला तंत्रिका. त्यांनी नव्या शब्दांचे कागद करून ओसरीच्या भिंतीवर डकवले आणि दाढी करताना ते पाठ करू लागले. मावशी म्हणाली, "ह्या वयात पोरासारखं पाठांतर करून राहिले." तिने त्यांना उद्देशून बोललेली शेवटची जी वाक्यं मला आठवतात, त्यातलं हे एक.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी मावशीच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. मी धावत गेले तेव्हा ती चुलीपाशी बसली होती. उजवा हात मांडीवर पडला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि ती माझ्याकडे पाहून काहीतरी सांगू पाहत होती. मावसाजी अर्धी दाढी झालेली तशीच ठेवून आत आले. त्यांनी तिचा उजवा हात उचलून पाहिला, पाय पाहिला, तिला नाव विचारलं, वार विचारला. मग त्यांचा हात आपोआप तिच्या डाव्या कानाच्या किंचित वर आणि पुढे गेला आणि तिथे थांबला. ती जागा गावात त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. त्यांना ती पुरती माहीत होती, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

ती जगली. काही आठवड्यांनी आधाराने बसू लागली, डाव्या हाताने जेवू लागली. बोलणं मात्र गेलं ते गेलं. एकच शब्द उरला: 'बरं'. पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं, दुखत असलं तरी बरं. सगळा राग, सगळी विनवणी ती त्या एका शब्दात घालू पाहत असे. जन्मभर नवऱ्याचं एकही म्हणणं न ऐकलेली बाई प्रत्येक गोष्टीला बरं म्हणू लागली, आणि ते ऐकून मावसाजी खोलीबाहेर जात.

एवढंच त्यांना हवं होतं: ती पुन्हा त्यांच्याशी बोलावी. भांडली तरी चालेल. त्यांना एकच पद्धत माहीत होती, वर्गाची. रोज सकाळी ते पाटावर एक वस्तू ठेवत. लिंबू, वाटी, किल्ली. "हे काय?" मावशी वस्तूकडे बघे, त्यांच्याकडे बघे. "बरं." "लिंबू," मावसाजी म्हणत. "लि. लिं. लिंबू." तेच पुन्हा. मग शाळेची वेळ होईपर्यंत ते ओसरीवर जाऊन भिंतीवरचे कागद वाचत. कोशिका. केंद्रक. तंत्रिका. त्या हिवाळ्यात त्या घरात दोन माणसं शब्द शिकत होती, आणि दोघांचीही प्रगती बेताची होती.

त्यांनी आणखी एक नियम केला. थकलेल्या मेंदूला एका वेळी एकच काम द्यायचं, गोंगाट नको. म्हणून मंगळवारी घरी जमणारं बायकांचं भजन त्यांनी बंद केलं. समोरच्या दुर्गाकाकू या भजनाच्या पुढारी. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, तिले बसू द्या ना आमच्यात. आम्ही गाऊ, ती ऐकेल."

"तिला शब्द शिकायचे आहेत, काकू. गाणं नंतर."

"तुम्ही रोज लिंबू दाखवून राहिले. ती काय वाणसामान आणायला चालली का?"

मावसाजींनी त्यांना मेंदूतल्या वाचेची जागा समजावून सांगितली. दुर्गाकाकूंनी ती सगळी ऐकून घेतली आणि "असेल जी," असं म्हणून त्या गेल्या.

हिवाळा संपता संपता सुमनचं लग्न ठरलं. मावसाजी बहादरपूरला जाऊन तिच्या वडिलांशी बोलून आले होते. मुलगी हुशार आहे, इंदूरला पाठवा. वडिलांनी त्यांना केळी दिली आणि नम्रपणे सांगितलं की इंदूर लांब आहे. नागपूरचं कसं, तिथे आपली माणसं होती. मावसाजी लग्नाला गेले ते नाइलाजाने. मावशीला मी आणि दुर्गाकाकूंनी बैलगाडीत बसवून नेलं. मावसाजी मांडवात पुरुषांच्या बाजूला बसले, आणि आम्ही आत, बायकांत.

लग्न लागल्यावर आतल्या खोलीत बायकांनी सुमनला घेरलं. नवऱ्याचं नाव घे. ती काही केल्या तोंड उघडेना. वर्गात मज्जातंतूंवर सगळ्यांच्या आधी हात वर करणारी मुलगी खाली मान घालून चटईच्या काड्या मोजत बसली होती. "लाजते व माय," कुणीतरी म्हणालं, "आधी मोठ्या बायका घ्या, मग ती घेईल." मग एकेकीची पाळी आली. दुर्गाकाकूंनी लांबलचक उखाणा घेतला. त्यांच्या शेजारणीने दोन ओळींत उरकलं. तिसरी घेत होती तेव्हाच नवरीच्या आत्याने पुढच्या बाईकडे वळून, सवयीने, न पाहता म्हटलं, "आता मास्तरीणबाई, तुम्ही घ्या." आणि म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं की ती मावशी आहे. दुर्गाकाकूंनी त्या आत्याला कोपराने ढोसलं.

मावशीने डाव्या हाताने पदर सारखा केला आणि म्हणाली:

"तापीच्या वाळूवर टरबुजाचा वेल, –रावांच्या नावानं दिव्यात घालते तेल."

नावासकट. न अडखळता, तिच्या जुन्या आवाजात, ठेक्यात. माझ्या मावशीने नवऱ्याचं नाव उच्चारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. उखाण्याशिवाय ते घ्यायची रीत नव्हती, आणि माझ्यादेखत तिला तो घ्यायला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बायका रडू लागल्या. मावशी गोंधळून सगळ्यांकडे बघत होती. मी विचारलं, "मावशी, पाणी देऊ?" ती म्हणाली, "बरं."

मी मांडवात गेले. मावसाजी पंगतीत बसले होते. पानातलं काही त्यांनी खाल्लं नव्हतं. मी कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी आधी विचारलं ते असं: "शब्द सुटे होते, की सलग?"

"सलग."

"टरबुजाचा वेल?"

"हो. तुम्हाला माहीत आहे?"

"लग्नात घेतला होता," ते म्हणाले. मग विचारलं, "नाव?"

"घेतलं."

भरल्या पानावरून ते उठले, हात धुतले आणि आतल्या खोलीच्या दारापर्यंत आले. तिथे पुरुषांनी यायचं नव्हतं. बायकांनी पदर ओढून घेतले. मावसाजी उंबऱ्याबाहेर चप्पल हातात धरून उभे होते, आणि मावशी आतून त्यांच्याकडे पाहत होती. "बरं," ती म्हणाली.

खंडव्याचे जे डॉक्टर तिला तपासायला येत, त्यांना मावसाजींनी हे सगळं क्रमवार सांगितलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. जन्मभर तोंडात बसलेलं, गाण्यासारखं पाठ झालेलं असतं, ते उरतं. मनात जुळवून बोलायचं असतं, ते जातं. ते पाठ झालेलं नेमकं कुठे राहतं, हे नक्की कुणाला सांगता येत नाही.

"म्हणजे मी मुलांना दाखवत होतो ती खूण चुकीची."

"चुकीची नाही, मास्तर. अपुरी आहे."

"आणि मी भजन बंद केलं होतं," मावसाजी म्हणाले. डॉक्टरांना याचा संदर्भ माहीत नव्हता. ते बॅग आवरत राहिले.

त्या मंगळवारी मावसाजी स्वतः समोरच्या घरी गेले. दुर्गाकाकूंनी काही ऐकवलं नाही, टाळ घेऊन आल्या. मावशीने त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत आरती म्हटली, आणि ती संपल्यावर पाणी मागण्यासाठी तिला पुन्हा तांब्याकडे बोट दाखवावं लागलं. मावसाजी बाहेर ओट्यावर बसून ऐकत. दर मंगळवारी ते शाळेतून लवकर येत. गाणं चालू असेपर्यंत ती होती तशी होती. टाळ थांबला की संपलं. सकाळचा लिंबाचा तास त्यांनी बंद केला. त्यांना आता दुसरंच काही हवं होतं, आणि ते मागायची सोय नव्हती. नवरा बायकोला आपलं नाव घे म्हणत नाही. ते सांगायचं काम लोकांचं.

उन्हाळा आला. मराठीतला तो शेवटचा वर्ग, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मुलं कमीच आली. मेंदू आला नाही, त्याऐवजी फळ्यावरच्या आकृतीवर भागलं. शेवटच्या दिवशी टरबूजही आलं नाही. मावसाजींनी आम्हाला नेहमीप्रमाणे दारापासून कडुनिंबाला वळसा घालून रांगेत उभं केलं. रांग तोकडी पडली, म्हणून मावशीची खुर्ची आतून अंगणात आणून ठेवली. शेवटी मी होते. मी तिचा डावा हात धरला. मावसाजी रांगेच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी घड्याळ काढलं, पुन्हा खिशात ठेवलं आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "आज ताट नाही. निरोप पोचला की सगळ्यांनी मिळून मावशीला सांगायचं, नाव घ्या. मी सांगितलं तर ती घ्यायची नाही."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. मावसाजींनी पहिला हात दाबला. दाब कडुनिंबाला वळसा घालून आला, माझ्या हातात आला, आणि मी मावशीचा हात दाबला. तिने माझा हात दाबला. मग मुलांनी, फुटलेल्या आवाजात, एकाच वेळी नाही, मागेपुढे, म्हटलं, "मावशी, नाव घ्या."

मावशीने अंगणात सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्या हातातून हात काढून घेतला, पदर डोक्यावरून पुढे ओढला. "तापीच्या वाळूवर टरबुजाचा वेल," ती म्हणाली. स्वच्छ. आणि थांबली.

आम्ही थांबलो. मावसाजी थांबले. ती त्यांच्याकडे पाहत होती. ओठ हलले, मिटले. मग तिने नजर खाली केली, आणि पदराचं टोक दातांत धरलं. पुढचं आलं नाही.

रांगेतला एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, नाव सांगू का त्यांना?" मावसाजींनी हात वर करून त्याला थांबवलं. ते अंगण ओलांडून आले, खुर्चीपाशी उकिडवे बसले आणि तिचा चेहरा पाहत राहिले. सूक्ष्मदर्शकात पाहताना जसे एक डोळा बारीक करत, तसा तो केलेला होता. मग ते उठले आणि आमच्याकडे वळले.

"लाजली," ते म्हणाले. "मी समोर होतो ना. हा आजार नाही. लाजायला मेंदू शाबूत लागतो."

नंतर मी खंडव्याच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, दोन्ही शक्य आहे. लांबून पाहून सांगता येत नाही, जवळून पाहूनही येत नाही. मावसाजींना मी हे कळवलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. मावशी त्या पावसाळ्यात गेली. उखाणा तिने पुन्हा घेतला नाही. तिला तो घ्यायला सांगायला मावसाजींनी पुन्हा कुणाला आणलंही नाही. त्यांना मिळालं तेवढं त्यांनी ठेवून घेतलं.

वर्ग चालू राहिला. हिंदीत. भिंतीवरचे कागद काढले गेले, कारण आता त्यांची गरज उरली नव्हती. मी बुऱ्हाणपूर सोडल्यावर एका मोठ्या सुटीत परत गेले होते, तेव्हा वर्गाच्या शेवटच्या दिवशी तिथे होते. नवी मुलं, बहुतेक इंदूरला जाणारी. पाटावर तापीतलं टरबूज होतं. मावसाजींनी कान काढला, डोळा काढला, मागे दृष्टी, टाळूवरून हालचाली, सगळ्या रेघा पूर्वीसारख्या ठसठशीत. डाव्या कानाच्या वर आणि पुढे मात्र त्यांनी खडू अलगद टेकवत, तुटक टिंबाटिंबांचं वर्तुळ काढलं. पुढे बसलेल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, ये वाला पूरा क्यों नहीं बनाया?"

"अभी पक्का नहीं है," मावसाजी म्हणाले.

टरबूज चिरलं. फोडी वाटल्या गेल्या. टिंबांच्या वर्तुळाची फोड पाटावर उरली, तेव्हा त्या मुलीने विचारलं, ही कुणाची? मावसाजींनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. त्यांनी ती फोड ताटलीत घेतली, खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली, आणि विहिरीवर हात धुवायला गेले.